दुसरी फेरी

मलकापूरला रेल्वेतून उतरायचं, बुलढाण्याच्या एस.टी.त बसायचं, मोताळ्याला उतरायचं आणि तिथून धामणगाव बढेसाठी पुढचं वाहन बघायचं. खांद्यावर पिशवी. तीत गुंडाळलेले चार्टपेपर, स्केचपेनं, चिकटपट्टी, चेहऱ्यांची चित्रं काढलेले पुठ्ठे आणि हजेरीपत्रक. किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण देत फिरणाऱ्या माणसाचा आठवडा असाच जातो. आज हे गाव, परवा पुढचं. शिकायला येतात त्या आशाताई, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, शाळेतले शिक्षक, वसतिगृहाचे गृहपाल. लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, निवडणुकीची कामं अशी यादी आधीच लांबलेली असते. त्यात सकाळी अकराला कुणीतरी येऊन सांगतं की आता पोरांच्या मनाकडेही बघायचं आहे.

धामणगाव बढे डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे, कारण या कामाची गरज आणि अडचण दोन्ही अशाच गावात नीट दिसतात. मोताळा तालुक्यातलं हे मोठं गाव. जळगाव जिल्ह्याची हद्द जवळ, भोवती कापूस, सोयाबीन, मका. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पोलीस ठाणं आहे, शाळा आहेत. मनाच्या डॉक्टरला भेटायचं तर मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर इथे. त्यातलं नागपूरचं विदर्भातलं, पण ते विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला. आणि देशाचा हिशेब केला तर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही वाट्याला येत नाही.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. साठ मुलांचा वर्ग धरला तर चार मुलं. नैराश्य, चिंता यांसारख्या सामान्य मानसिक आजारांच्या शंभरातल्या सुमारे ८५ रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणातून दिसलं. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आजाराची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववी. त्या वयात मुलाच्या जवळ डॉक्टर नसतो. आई असते, वर्गशिक्षक असतात आणि गल्लीतली आशाताई असते.

म्हणून ज्यांच्याजवळ मूल आहे त्यांनाच शिकवायचं, हा विचार आला. तो जुना आहे. सत्तरच्या दशकात बंगळुरूजवळच्या सकलवाड्यात आणि हरियाणातल्या रायपूर राणीत आरोग्य कर्मचाऱ्यांना मनाचे आजार ओळखायला शिकवून पाहिलं होतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्यानंतर कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग झाला आणि त्याच्या धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ ही संस्था काढली. साधं शिक्षण झालेली, पण लोकांत मिसळणारी माणसं नीट तयार केली तर ती समुपदेशन करू शकतात, हे या संस्थेने चाचण्या घेऊन, आकडे मोजून दाखवलं. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हेच काम आज्यांवर सोपवलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी आणि शेजारी येऊन बसलेलं माणूस. त्या बाकाला ‘मैत्रीचा बाक’ म्हणतात.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये मांडले. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना तयार केल्यावर दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. प्रकल्प प्रौढांसाठी होता, पण माती तीच, कापूस तोच, आणि घरातल्या बापाला झोप लागत नसेल तर ते पोराला कळल्याशिवाय राहत नाही. राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात बुलढाणा होता. किशोरवयीनांसाठी ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पोषण, लैंगिक आरोग्य, व्यसनं, हिंसा या विषयांबरोबर मानसिक आरोग्यही त्यात आलं. आपल्याकडे या कार्यक्रमातले दवाखाने ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखले जातात.

कार्यक्रम असे आले. प्रत्येकाबरोबर एक पुस्तिका आली, आणि पुस्तिकेबरोबर प्रशिक्षणाची उतरंड: राज्याचे लोक जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका गावाला. वरच्या मडक्यातलं पाणी खालच्यात ओतताना प्रत्येक वेळी थोडं सांडतं. धामणगाव बढेच्या आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत बऱ्याचदा व्याख्या तेवढ्या शिल्लक राहतात. ‘नैराश्याची लक्षणे पुढीलप्रमाणे’ असं वाचून दाखवलं जातं, वहीत उतरवून घेतलं जातं, चहा होतो, सह्या होतात. फिरत्या प्रशिक्षकाची गरज इथे सुरू होते. ज्याने स्वतः मुलांबरोबर काम केलं आहे, तो माणूस मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या खोलीत येतो.

त्या खोलीत काय शिकवायचं असतं?

सगळ्यात आधी शब्द. ‘नैराश्य’ हा शब्द गावात कुणी वापरत नाही. ‘जीव लागत नाही’, ‘टेन्शन आलं’, ‘मले काही सुधरत नाही’, ‘डोक्शात भणभण होते’, ‘बाहेरचं झालं’ असं लोक बोलतात. म्हणून जाणता प्रशिक्षक पहिला तास फळ्यावर याच शब्दांची यादी करण्यात घालवतो. ती यादी आशाताईंनीच सांगायची. मग एकेका शब्दामागे काय असू शकतं याची चर्चा होते. किशोरवयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं. पोरगं ‘उर्मट झालं’ अशी तक्रार येते, पोरीचं दर सोमवारी शाळेच्या वेळेला पोट दुखतं, क्रिकेट सोडून कुणी खाटेवर पडून राहतं, कुणी गुटख्याच्या पुडीत सुख शोधतं. पोटदुखी खरी असते, हे मुद्दाम सांगावं लागतं. मन दुखलं की पोटही दुखतं, त्यात नाटक नसतं.

मग ऐकणं. याचा सराव करायला तिघींचा गट करतात. एक बोलते, दुसरी ऐकते, तिसरी फक्त बघते. पाच मिनिटं. ऐकणारीने सल्ला द्यायचा नाही, ‘माझ्या नणंदेचंही असंच झालं होतं’ असं सुरू करायचं नाही, धीर द्यायची घाई करायची नाही. वाचायला सोपं वाटतं. करून पाहिलं की दुसऱ्याच मिनिटाला तोंडून निघतं, ‘जाऊ दे वं बाई, सगळ्याइचंच असते.’ तिसरी ते टिपून ठेवते. हे शब्द प्रेमाने आलेले असतात, पण समोरच्याचं बोलणं त्या क्षणी थांबतं. ‘पोरगा असून रडतं का’ या वाक्यानेही तेच होतं. बोलणं कुठे तुटलं हे तिसऱ्या बाईला स्वच्छ दिसतं, आणि पुस्तिकेच्या कोणत्याही पानापेक्षा हे तिच्या जास्त लक्षात राहतं.

या सरावात कधीकधी सराव राहत नाही. खोट्या गोष्टीऐवजी एखादी ताई स्वतःचीच गोष्ट सांगू लागते आणि खोली गप्प होते. आशाताई म्हणजे साधारण हजार लोकवस्तीमागे एक बाई, त्याच गावात नांदणारी, मानधनावर काम करणारी, घरी दहावीचं पोर असलेली. तिच्या मनावर काय आहे हे विचारायची व्यवस्था कोणत्याच कार्यक्रमाने पुरेशी केलेली नाही. अशा वेळी वेळापत्रक बाजूला ठेवून त्या बाईजवळ बसणारा प्रशिक्षक मला खरा वाटतो. पुढचं सत्र अर्ध्या तासाने होऊ शकतं.

यानंतर येतो तो सगळ्यांत अवघड भाग: आत्महत्येबद्दल थेट विचारणं. ‘विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेलं येईल’ ही भीती जवळपास प्रत्येक खोलीत असते. संशोधनातून तसं दिसलेलं नाही. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलाला हलकं वाटू शकतं. पण हे वाक्य तोंडात बसवावं लागतं. ‘तुले कधी जीव द्यावासा वाटते का?’ हा प्रश्न शांत आवाजात, डोळे न चुकवता विचारायचा. ताया आधी एकमेकींना विचारतात, अडखळतात, हसतात, परत विचारतात. दहाव्या वेळी आवाज स्थिर होतो.

कापसाच्या भागात हा विषय कीटकनाशकाच्या डब्यापर्यंत जातोच. इथे प्रशिक्षकाने नेमकं बोलायला हवं. श्रीलंकेने १९९५ नंतर सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. त्याच देशात घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिलं, त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. नुसत्या पेट्यांनी फरक पडल्याचं दिसलं नाही. म्हणून ‘औषध कुलपात ठेवा’ एवढं सांगून आपण सुटलो असं मानू नये. ज्या घरातलं पोर आत्ता, या आठवड्यात, धोक्यात आहे त्या घरातून डबा बाहेर काढायचा, शेजारी किंवा मामाच्या घरी ठेवायचा आणि पोराला एकटं सोडायचं नाही. बाकीचं काम सरकारच्या बंदीच्या यादीचं आहे. ते आशाताईच्या अंगावर टाकणं अन्याय आहे.

जीव द्यायचा प्रयत्न झाला तरी लोक उशिरा दवाखान्यात येतात, कारण ‘पोलीस केस होईल’ हा धाक. तो धाक भारतीय दंड संहितेतल्या, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३०९ चा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं, आणि त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घेण्याचं कर्तव्य सरकारवर टाकलेलं आहे. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम घेतलेलंच नाही. पोलीस ठाणं असलेल्या गावात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, ‘म्हणजे आता घाबरायचं काम नाही?’ नाही. विष पोटात गेलं असेल तर एकेक मिनिट मोलाचं असतं. भीतीपायी घरी मिठाचं पाणी पाजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

एका बाबतीत मात्र पोलिसांना कळवावंच लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. म्हणून ‘मी कोणालाच सांगणार नाही’ हे वचन कोणत्याही मुलाला द्यायचं नाही, असं शिकवावं लागतं. त्याऐवजी बोलणं सुरू होण्याआधीच सांगायचं: ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मी मदत आणणार, आणि आणण्याआधी तुला सांगणार.’ हे वाक्य तायांकडून मोठ्याने म्हणवून घेतात. ते नेमकं आलं नाही तर एक दिवस मुलाचा विश्वास तुटतो किंवा कायदा मोडतो.

वसतिगृहं, आश्रमशाळा, बालगृहं, निरीक्षणगृहं इथल्या कर्मचाऱ्यांसाठी शिकवणं वेगळं असतं. तिथे प्रश्न रागाने पेटलेल्या मुलाचा. ताट फेकलं, दारावर लाथ मारली, दुसऱ्याच्या अंगावर धावून गेलं. शारीरिक शिक्षेला शाळेत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे आणि बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे मुलाशी क्रूर वागणं हा गुन्हा आहे. पण मारायचं नाही तर करायचं काय, हे कुणी सांगत नाही, आणि मग हात उठतो. प्रशिक्षक हे अंगानेच करून दाखवतो. मुलाच्या अगदी समोर उभं राहायचं नाही, थोडं बाजूला. दोन हात अंतर. दार मोकळं ठेवायचं, म्हणजे मुलाला कोंडल्यासारखं होत नाही. बाकीच्या मुलांना बाहेर न्यायचं, कारण बघ्यांसमोर माघार घेणं पंधरा वर्षांच्या पोराला मरणाहून कठीण वाटतं. आवाज त्याच्यापेक्षा खाली. वाक्य लहान आणि एकच. हुकूम देऊन उत्तराची घाई करायची नाही. रागाची लाट चढते तशी उतरतेही, तिला वेळ द्यावा लागतो. समजावणं, नियम, माफी हे सगळं लाट उतरल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर. आणि शेवटी कर्मचाऱ्याने स्वतःलाही विचारायचं: आज मी कुठे भडकलो? बारा-बारा तास एकट्याने चाळीस मुलं सांभाळणाऱ्या गृहपालाला हा प्रश्न दरडावून विचारता येत नाही, त्याच्या शेजारी बसून विचारावा लागतो.

शाळांबाबत एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. २०२० मध्ये आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं. त्याआधी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत ‘संगाथ’च्या संशोधकांनी एक चाचणी घेतली होती, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या साध्या समुपदेशकाने. समुपदेशक होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांची नैराश्याची लक्षणं घटली. शिक्षकांनी राबवला तिथे असा फरक दिसला नाही. यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही. गणिताचे गुण देणाऱ्या माणसापाशी मूल मनातलं सहज बोलत नाही, आणि त्या माणसाकडे वेळही नसतो. तरी आपण सगळी मदार शिक्षकांवरच ठेवत असू, तर त्यांचा एखादा तास तरी मोकळा करायला हवा.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या दिवशीचं प्रशिक्षण कितीही रंगलं तरी ते टिकत नाही. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हरली शॉवर्स यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल ऐंशीच्या दशकात हेच मांडलं: भाषण, प्रात्यक्षिक आणि सराव झाला तरी शिकलेलं वर्गात उतरायला मागाहून कुणीतरी सोबत लागतं. ‘संगाथ’ने तर ही सोबत समुपदेशकांमध्येच तयार केली. ते एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकतात, ठरलेल्या निकषांवर गुण देतात, कुठे चुकलं ते सांगतात. तज्ज्ञ रोज यावा लागत नाही. पण आपल्या सरकारी अंदाजपत्रकात प्रशिक्षणाचा रकाना असतो, तो किती जणांना शिकवलं यावर भरतो. परत जाऊन विचारपूस केली याचा रकाना शोधावा लागतो. माझ्या मते या कामातली सगळ्यांत मोठी चूक हीच आहे. एका वर्षात शंभर गावं एकेकदा करण्यापेक्षा वीस गावं पाच-पाच वेळा करावीत.

दुसऱ्या फेरीत काय घडतं ते समजावं म्हणून एक उदाहरण कल्पनेने रचून सांगते. महिन्याभराने तीच खोली, त्याच ताया. प्रशिक्षक या वेळी पुस्तिका उघडत नाही, ‘कुणाशी बोललात?’ एवढंच विचारतो. एक ताई सांगते: नववीतला पोरगा, तीन आठवडे शाळेत नाही, आई म्हणते बाहेरचं झालं. मी गेली, बसली. तो बोललाच नाही. मी पण गप बसली. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा म्हणाला, झोप येत नाही. तिसऱ्यांदा मी तो प्रश्न विचारला. तो ‘हो’ म्हणाला. पुढं मले काही सुचलं नाही, सर.

पहिल्या दिवशी कुणालाच पडला नव्हता असा प्रश्न आता समोर असतो: ‘हो’ म्हणाल्यावर काय? आता खोलीतल्या सगळ्या जणी मिळून रस्ता शोधतात. आईला विश्वासात कसं घ्यायचं. ‘वेड लागलं’ न म्हणता ‘झोपेचं औषधपाणी बघू’ म्हणत तिला कसं तयार करायचं, आणि पुढे खरं काय आहे ते कधी सांगायचं. देवाचं करायचं असेल तर करू द्यावं, पण दवाखाना त्यासाठी थांबवू नये. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवायचं. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर कापूस वेचणीचा रोज बुडतो, मग कोणत्या दिवशी जायचं. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, पण पोराचं पूर्ण लागतं, तेवढे पैसे हाताशी आहेत का. रात्री-अपरात्री काही झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. प्रशिक्षक तो सगळ्यांना तिथल्या तिथे लावून बघायला सांगतो, कारण कधीच न लावलेला नंबर संकटात लावायचं धैर्य होत नाही. मुलांसाठीचा १०९८ भिंतीवर असतो, तोही वहीत लिहून घेतात.

दुसरी एक जण हळूच सांगते की तिने विचारलं आणि मुलीच्या आजीने तिला घराबाहेर काढलं. पहिल्या फेरीत ही गोष्ट तिने सांगितली नसती. तिसरी म्हणते, माझ्याकडे तर कोणीच सापडलं नाही. तिला प्रशिक्षक विचारतो, तुमच्या भागात शाळा सोडलेली मुलं कोणती? ती बोटावर मोजू लागते आणि चौथ्या नावापाशी थांबते.

जेवणानंतर तिसऱ्या फेरीची तारीख ठरवायची असते. लसीकरणाचा दिवस नको, बाजाराचा दिवस नको, सोयाबीन सोंगणीचे दिवस नकोत, नवरात्र आहे, मासिक सभा आहे. कॅलेंडरची पानं पुढं-मागं होतात. नववीतल्या पोराची ताई म्हणते की तिला लवकरची तारीख पाहिजे, कारण पोराला घेऊन ती त्याआधीच्या गुरुवारी बुलढाण्याला जाणार आहे आणि तिथे काय झालं ते इथे येऊन सांगायचं आहे. शेवटी पुढच्या पंधरवड्यातला मंगळवार पक्का होतो. सकाळची पहिली गाडी सापडली तर प्रशिक्षक दहापर्यंत पोचेल.